नावामागचा नमुना

खंडाळ्याच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांत बोटभर लांबीचा एक मासा राहतो. भर पावसात, जिथे माणसाचा पाय ठरत नाही अशा धारेत, तो खडकाला पोट टेकून स्थिर असतो. त्याचे तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला आहे आणि जोडीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले आहेत. १९१९ साली नेल्सन ॲनान्डेल यांनी या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला सायलोऱ्हिंकस टेंटॅक्युलॅटस हे नाव दिले. ॲनान्डेल हे १९१६ साली स्थापन झालेल्या झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे, पहिले संचालक. मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांमधले जीव त्यांनी अभ्यासायला घेतले होते आणि या माशाची मूळ जागा म्हणून खंडाळ्याची नोंद झाली.

दोनच वर्षांनी पंचविशीतल्या सुंदरलाल होरा यांनी हा मासा पुन्हा तपासला. सायलोऱ्हिंकस हा वंश मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याच्या आणि ईशान्येच्या नद्यांमधला. खंडाळ्याच्या माशाला मिशांची जोडी होती, ती त्या वंशात नव्हती. इतरही फरक होते. होरांनी १९२१ मध्ये त्याच्यासाठी पॅरासायलोऱ्हिंकस असा नवा वंश उभा केला. तेव्हापासून या माशाचे पूर्ण नाव पॅरासायलोऱ्हिंकस टेंटॅक्युलॅटस (ॲनान्डेल, १९१९) असे लिहिले जाते. त्यातला कंस महत्त्वाचा आहे. प्रजाती ॲनान्डेल यांनी ओळखली, पण आज ती त्यांनी ठेवली होती त्या वंशात राहिलेली नाही, एवढे सगळे तो कंस सांगतो. होरा पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले.

नव्या प्रजातीचे नाव म्हणजे नेमके काय, हे या एका माशावरून कळते. नाव हे एक विधान असते: हा जीव आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक जीवाहून वेगळा आहे आणि त्याचे जवळचे नातेवाईक अमुक आहेत. विधानाचा पहिला भाग ॲनान्डेल यांचा टिकला, दुसरा होरांनी दुरुस्त केला. दुरुस्ती करता आली, कारण मूळ मासा बरणीत जपून ठेवलेला होता आणि कोणालाही तो पुन्हा पाहता येत होता. वर्गीकरणशास्त्राचा सारा भरवसा या तपासता येण्यावर उभा आहे. मावळाने गेल्या दोनशे वर्षांत या शास्त्राला नमुने दिले, नावे दिली आणि चुकीच्या ओळखीची किंमत किती मोठी असते याचा धडाही दिला.

रेल्वेच्या वाटेवरचे जंगल

मावळ तालुक्याचा पश्चिम कडा म्हणजे सह्याद्रीचा माथा. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी त्याची तीन खोरी. काळ्या बेसाल्टचे थर, माथ्यावरचे सडे, कड्याच्या पोटातले दाट जंगल आणि पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जाणारा पाऊस. लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तालुक्याच्या पूर्व टोकाला तळेगावकडे त्याचा लहानसा हिस्साच पोचतो. इतक्या कमी अंतरात हवामान एवढे बदलले की राहणारे जीवही बदलतात. ओढ्यातला मासा, खडकाच्या फटीतला विंचू, पालापाचोळ्यातली बुरशी यांच्या जगण्याच्या अटी दर काही किलोमीटरवर वेगळ्या होतात.

खंडाळा हे नाव शास्त्रीय नोंदींत वारंवार येते. त्याला निसर्गाबरोबरच रेल्वेही कारण आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईहून निघालेला अभ्यासक त्याच दिवशी घाटमाथ्यावर पोचू लागला. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना झाल्यावर ही ये-जा वाढली. एथेलबर्ट ब्लॅटर आणि हॉलबर्ग या जोडीने १९२१ मध्ये वर्णन केलेल्या एका वनस्पतीचे नावच युफोर्बिया खंडाळेन्सिस आहे. जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते की मूळ जागांचा नकाशा हा जीवांचा जितका असतो तितकाच माणसांच्या वाटांचाही असतो. लोहमार्गापासून दूर असलेल्या खोऱ्यांची नावे जुन्या ग्रंथांत क्वचित दिसतात. तिथे जीव कमी आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे शोधणारे कमी पोचले.

खंडाळ्याचा दुसरा मोठा मान एका देवगांडुळाचा आहे. देवगांडूळ हा बेडकाचा दूरचा नातेवाईक, पाय नसलेला उभयचर. अंगावर कड्या असतात, डोळे जवळपास निरुपयोगी असतात आणि आयुष्य ओल्या मातीत जाते. शेतात कुदळीखाली निघाला तर कोणी त्याला गांडूळ समजते, कोणी साप समजून मारते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे एडवर्ड टेलर यांनी १९६० साली खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एक नवी प्रजाती आणि तिच्यासाठी नवा वंशही जाहीर केला. इंडोटायफ्लस बॅटर्सबाय हे तिचे नाव, ब्रिटिश म्युझियममधले सरीसृपतज्ज्ञ बॅटर्सबी यांच्या सन्मानार्थ दिलेले.

पुढे चाळीसहून अधिक वर्षे या वंशात ही एकच प्रजाती होती. २००४ मध्ये वरद गिरी, डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन यांनी कोयना परिसरातल्या हुंबरळीहून दुसरी प्रजाती नोंदवली, इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस. मातीत राहणारा, पावसाळ्यातच हाती लागणारा प्राणी असल्यामुळे दोन शोधांच्या मध्ये एवढा काळ गेला. खंडाळ्याचा जुना नमुना जपलेला होता म्हणूनच हुंबरळीचा प्राणी त्याच्याशी ताडून वेगळा ठरवता आला.

वेगळेपण सिद्ध कसे करतात

रानात वेगळा दिसणारा प्राणी सापडला की नवी प्रजाती सापडली, असे होत नाही. एकाच प्रजातीतले नर-मादी, पिल्ले-प्रौढ, पावसाळी आणि उन्हाळी रूपे एकमेकांपासून फार वेगळी दिसू शकतात. उलट दोन निराळ्या प्रजाती डोळ्यांना अगदी सारख्या वाटू शकतात. त्यामुळे काम दिसण्यापासून सुरू होते आणि पुराव्यापाशी संपते.

आधी वन विभागाची परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि संरक्षित प्राण्याला हात लावण्याआधी तो आड येतो, तो यावाच. मग जागेची नेमकी नोंद: अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, वेळ, प्राणी कशावर बसला होता. जिवंतपणीचा रंग लगेच टिपावा लागतो, कारण अल्कोहोलमध्ये तो उडतो. बेडूक असेल तर त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करतात. नर आपल्याच प्रजातीच्या मादीला साद घालत असल्याने आवाज हा ओळखीचा मोठा आधार ठरतो. डीएनएसाठी स्नायूचा लहानसा तुकडा वेगळा ठेवतात.

त्यानंतर प्रयोगशाळेतले लांबलचक काम. डोक्याची रुंदी, डोळ्याचा व्यास, पायाच्या हाडाची लांबी, माशाच्या बाजूरेषेवरचे खवले, विंचवाच्या नांगीकडच्या खंडांवरचे कंगोरे, असे सगळे मोजायचे. मग त्या वंशातल्या आजवरच्या प्रत्येक प्रजातीचे मूळ वर्णन वाचायचे आणि शक्य असेल तिथे मूळ नमुना पाहायचा. हे नमुने कोलकाता, मुंबई, लंडन अशा ठिकाणी विखुरलेले असतात. कित्येक 'नव्या' प्रजाती या टप्प्यावर गळतात, कारण त्याच जीवाचे वर्णन शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या नावाने झालेले निघते. प्राण्यांच्या नामकरणात आधी प्रसिद्ध झालेल्या नावाला अग्रहक्क असतो आणि हा हिशोब लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होतो.

सगळ्या चाळण्यांतून वेगळेपण टिकले की एक नमुना निवडून त्याला होलोटाइप ठरवतात. पुढे कधीही वाद झाला तर निकाल याच नमुन्यावरून होतो. शेताच्या हद्दीचा वाद जसा अखेर मोजणीच्या दगडापाशी जातो, तसा प्रजातीचा वाद होलोटाइपपाशी जातो. म्हणून तो खासगी कपाटात ठेवून चालत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने नेमून दिलेल्या संग्रहालय-संस्थेला ती कळवायची असते आणि नमुने तिथे जमा करायचे असतात. मावळाच्या शेजारीच, आकुर्डीला, प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

नाव ठरवण्याचे मार्ग अनेक. टेंटॅक्युलॅटस हे शरीराच्या लक्षणावरून आले. उत्तर सह्याद्रीतल्या एका झुडपी बेडकाचे २०१३ मध्ये वर्णन करताना आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी त्याला राओर्चेस्टिस घाटेआय म्हटले. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे हेमंत घाटे यांचा तो सन्मान. हा बेडूक पाण्यात अंडी घालत नाही आणि त्याच्या आयुष्यात मोकळ्या पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लाचा टप्पाच नसतो. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. लोणावळ्याहून ट्रेकर ज्या तैलबैलाच्या जुळ्या भिंती पाहायला जातात, त्या गडाचे नाव २०२० मध्ये एका विंचवाला मिळाले: स्कॉर्पिऑप्स तैलबैला. खडकाच्या अरुंद फटीत राहणारा हा चपट्या अंगाचा गट आहे. गड चढणाऱ्यांनी शेकडो वर्षे ज्या भेगांना हात घातला, त्यातला रहिवासी आत्ता कुठे नावानिशी नोंदला गेला.

नमुना नसलेली नावे

आता दुसरी बाजू. मावळच्या नद्यांतल्या माशांना शास्त्रीय नावे देण्याचे पहिले मोठे काम ॲनान्डेल यांच्याही आधी ऐंशी वर्षे झाले होते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरले आणि सोबत पक्षी, सस्तन प्राणी, मासे, खेकडे यांच्याही नोंदी करत गेले. त्यांनी जमवलेल्या दख्खनी खेकड्याचे वर्णन जॉन वेस्टवूड यांनी १८३६ मध्ये केले. तो आज बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखला जातो. १८३८-३९ मध्ये साइक्स यांनी दख्खनचे मासे लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. कोळ्यांकडून ऐकलेली नावे त्यांनी बऱ्याच प्रजातींना तशीच दिली: खुदरी, नकटा, कोळशी. खुदरी म्हणजे दख्खनचा महसीर, टॉर खुदरी. त्याची मूळ जागा पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरची मुळा-मुठा.

या नावांची एक कमजोरी आहे. साइक्स यांच्या खुदरीचा मूळ नमुना आज कोणत्याही संग्रहात असल्याचे माहीत नाही. मागे राहिले ते वर्णन. त्यामुळे 'खरा' टॉर खुदरी कोणता हे ठरवायला वर्णन आणि मूळ जागा एवढाच आधार उरतो. ही बाब पुस्तकी वाटेल, पण तिचे परिणाम लोणावळ्यापासून कावेरीपर्यंत पोचले.

लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे वळवण धरण आहे. १९७० च्या दशकात तिथल्या मत्स्यबीज केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक आणि स्वतः जाणते वर्गीकरणतज्ज्ञ. मुंबईच्या खाडीतल्या चिमुकल्या होराइक्थिस सेट्नाय या माशाचे त्यांनी १९४० मध्ये वर्णन केले होते. दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खाणाऱ्या खवलेचोराचे निओट्रोपियस खवलचोर हे १९५२ सालचे नावही त्यांचेच. नद्यांवर धरणे होत होती, महसीर घटत होता आणि त्याला वाचवण्याच्या तळमळीने हे काम सुरू झाले. अंडी लांबवर पाठवण्यासाठी पाण्याचे डबे लागू नयेत म्हणून ती ओल्या कापसात गुंडाळून विमानाने नेण्याची पद्धत या दोघांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. लोणावळ्याची अंडी आणि बोटुकली देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत गेली. कावेरी त्यांपैकी एक.

कावेरीत आधीपासून एक महसीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी छटेचा, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा. गळाने मासे धरणाऱ्यांमध्ये तो जगभर प्रसिद्ध होता, पण शास्त्राच्या वहीत त्याची पक्की नोंद नव्हती. सगळ्यांच्या लेखी दोन्ही महसीरच. मासे धरून परत सोडणाऱ्या शौकिनांनी कावेरीकाठी ठेवलेल्या नोंदवह्यांतली १९९८ ते २०१२ ची आकडेवारी ॲड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी तपासली, तेव्हा चित्र उघड झाले. बाहेरून आलेला निळ्या परांचा महसीर, म्हणजे खुदरी, वाढत गेला होता आणि उंचवट्याचा महसीर झपाट्याने घसरला होता. त्याची लहान पिल्ले गळाला लागणे जवळपास थांबले होते.

२०१८ मध्ये पिंडर, राघवन, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी बांधा आणि डीएनए यांच्या आधारे दाखवले की कावेरीचा हा राजा म्हणजे टॉर रेमादेवीआय. कावेरीची उपनदी असलेल्या केरळातल्या पांबार नदीतून त्याचे वर्णन आधीच झाले होते. तोच मासा हा, हे कोणी जोडले नव्हते. ओळख पक्की होताच आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'अतिशय धोक्यात' अशी झाली. ओळख पक्की नव्हती तोवर त्याला त्या यादीत जागाच नव्हती. दोन प्रजातींना एकच समजल्यामुळे, पूर्ण सद्भावनेने, एकीला वाचवताना दुसरीवर संकट आले. वर्गीकरण हा संवर्धनाचा पाया आहे याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

बुरशीचे जग आणि वनस्पतींचे नियमपुस्तक

प्राण्यांच्या बाबतीत ही अवस्था, तर बुरशीची कल्पना करावी. लंडनच्या क्यू उद्यानाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात बुरशीच्या सुमारे २५ लाख प्रजाती असाव्यात आणि नाव मिळालेल्या साधारण १ लाख ५५ हजार आहेत. म्हणजे दहांतल्या नऊहून अधिक प्रजाती अजून बेनाव आहेत. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की मावळात वारुळावर अळंबी उगवतात, कुजक्या ओंडक्यावर छत्र्या येतात, पानांवर काळे-पिवळे ठिपके दिसतात. यातला प्रत्येक ठिपका एखादी प्रजाती असू शकतो.

बुरशी ओळखणे कठीण असण्याचे कारण तिच्या जगण्यात आहे. डोळ्यांना दिसणारी छत्री हे तिचे काही दिवसांचे फळ. खरे शरीर म्हणजे मातीत किंवा लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे. फळ आले नाही तर बुरशी आहे हेच कळत नाही. छत्री सापडली की ताजी असतानाच रंग, वास, कापल्यावर बदलणारी छटा लिहून घ्यावी लागते. टोपी कागदावर उपडी ठेवून बीजाणूंचा ठसा घेतात. मग नमुना वाळवतात, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि जमले तर बुरशी पोषक माध्यमावर वाढवतात. डीएनएमधला आयटीएस नावाचा पट्टा २०१२ पासून बुरशीच्या ओळखीसाठी प्रमाण मानला जातो. वाळवलेला नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर बुरशी संग्रहात ठेवता येतो आणि जिवंत वाण तिथल्याच राष्ट्रीय बुरशी संग्रहात.

या संस्थेचा वारसा मोठा आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती १९४६ मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, पण १९११ मध्ये सातारा जिल्ह्यात त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली आणि ॲनान्डेल यांनी तिला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. तिच्या जवळच्या भाईबंदांची तोवर ओळख होती ती आफ्रिकेतल्या तळ्यांतून. याच संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी सह्याद्रीतल्या दगडफुलांचा अनेक दशके अभ्यास करून बऱ्याच नव्या प्रजातींची वर्णने केली. आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला एकच शास्त्रीय नाव असते आणि नियमानुसार ते त्यातल्या बुरशीचे मानले जाते.

बुरशी वनस्पती नाही. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असते, जे खेकड्याच्या कवचातही असते. ती अन्न साठवते ते आपल्यासारखे ग्लायकोजेनच्या रूपात. उत्क्रांतीच्या वृक्षावर ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. तरीही तिच्या नावांचे नियम वनस्पतींच्याच नियमपुस्तकात आहेत, कारण ते पुस्तक सुरू झाले तेव्हा तिला वनस्पती समजत. २०११ च्या मेलबर्न परिषदेत त्या पुस्तकाचे शीर्षक शैवाल, बुरशी आणि वनस्पती असे झाले. त्याच परिषदेने तीन मोठे बदल केले. नव्या प्रजातीचे वर्णन लॅटिनमध्येच हवे ही सक्ती २०१२ पासून गेली. २०१३ पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला मायकोबँकसारख्या नोंदणी केंद्राचा क्रमांक आवश्यक झाला. आणि एका बुरशीला दोन नावे ठेवण्याची जुनी मुभा संपली. अनेक बुरशा लैंगिक आणि अलैंगिक अशा दोन रूपांत दिसतात आणि पूर्वी दोन्ही रूपांना वेगळे नाव चाले. एमेरिसेला निड्युलन्स आणि ॲस्परजिलस निड्युलन्स ही एकाच बुरशीची नावे होती. आता दुसरेच चालते.

नमुना न घेतल्याने काय हुकते, याचे उदाहरण सह्याद्रीच्याच पायथ्याचे आहे. २०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटकात कारकळजवळ एका जिवंत बेडकाच्या कुशीतून लहानशी छत्री उगवलेली दिसली. छायाचित्रे जगभर गेली. तज्ज्ञांनी ती मायसिना वंशातली असावी असे सांगितले, पण बेडूक गोळा केलेला नसल्याने प्रजातीपर्यंत कोणी पोचू शकले नाही. जिवंत प्राण्याला त्रास न देण्याचा निर्णय समजण्याजोगा होता. पण प्रश्न उघडाच राहिला.

बुरशी आणि बेडूक यांचे दुसरे नाते भयावह आहे. १९८० नंतर अनेक खंडांत बेडूक सामूहिकपणे मरू लागले आणि कारण कळेना. १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या विषारी बेडकाच्या त्वचेतून वेगळ्या केलेल्या बुरशीला बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस असे नाव मिळाले. नाव आणि वर्णन हाती आल्यावरच देशोदेशीच्या प्रयोगशाळा एकाच गोष्टीचा शोध घेऊ लागल्या. २०१३ मध्ये डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ बेडकांत तिचा संसर्ग आशियाई वाणाचा असल्याचे नोंदवले. बेडकांची नावे पक्की नसती तर कोणत्या प्रजातीला लागण आहे हे सांगता आले नसते. बुरशीचे नाव नसते तर शोधायचे काय हेच ठरले नसते.

मावळात पुढे काय करायचे

द्रुतगती मार्ग, बंगल्यांच्या वसाहती, पर्यटन आणि पाण्याचे प्रकल्प यांचा मावळावरचा ताण सगळ्यांना दिसतो. एखादा प्रकल्प येतो तेव्हा परिसरातल्या प्राण्या-वनस्पतींची यादी तयार होते आणि सुनावणीत त्या यादीवर बोलणे होते. ज्याला नाव नाही तो या यादीत येऊ शकत नाही. सड्यावरची एखादी बुरशी तिथल्या गवताच्या मुळांना जगवत असेल, तरी त्या कागदावर तिचे अस्तित्व शून्य असते. म्हणून मला वाटते की तालुक्यात वर्गीकरणाचे शिक्षण ही हौशीची बाब राहू नये.

काम करायला जागा आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठरवून दिली आहे; या नोंदवहीच्या कल्पनेचा पाया माधव गाडगीळ यांनी घातला. कुठली अळंबी खायची आणि कुठली सोडायची, कुठल्या ओढ्यात कुठला मासा कधी चढतो, मुठे कधी बिळाबाहेर येतात, हे ठाकर, कातकरी आणि धनगर कुटुंबांतल्या जुन्या माणसांना नेमके ठाऊक आहे. गावातले नाव, सापडण्याची जागा, महिना आणि छायाचित्र एवढे जरी नोंदवहीत व्यवस्थित उतरले तरी पुढच्या अभ्यासकाचा अर्धा शोध वाचतो. साइक्स यांनी कोळ्यांचे ऐकले म्हणूनच खुदरी आणि नकटा जगाच्या ग्रंथांत गेले.

दुसरे काम महाविद्यालयांचे. लोणावळा, वडगाव, तळेगाव इथल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकेक गट निवडून वर्षानुवर्षे सांभाळावा: ओढ्यातले मासे कोणी, विंचू कोणी, पानांवरच्या बुरशा कोणी. परवानगी घेऊन, आकुर्डी आणि पुण्याच्या संस्थांच्या देखरेखीखाली, नमुने योग्य ठिकाणी जमा करत. नव्या प्रजातीचे नाव लगेच निघणार नाही, पण बरणीतला प्रत्येक नीट नोंदलेला नमुना उद्याच्या एखाद्या होरांसाठी पुरावा असेल. नवी प्रजाती जाहीर होण्याच्या बातम्या येतात तेव्हा कौतुक शोधणाऱ्याचे होते. त्याच्या जोडीने संग्रह राखणाऱ्यांना, बरण्यांतले अल्कोहोल बदलणाऱ्यांना, चिठ्ठ्या जपणाऱ्यांना पगार आणि जागा मिळायला हवी. खुदरीचा नमुना हरवला आणि त्याचा हिशोब पावणेदोनशे वर्षांनी कावेरीत द्यावा लागला. आज आंदर मावळात उचललेली एखादी छत्री पत्त्या-तारखेसह संग्रहात पोचली, तर तो हिशोब पुढच्या पिढीला द्यावा लागणार नाही.